संघातली बाई

मामा, तुम्हाला जाऊन चोवीस दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी वाद घालतेच आहे. भाकरी थापताना घालते, स्कूटीवरून जाताना घालते. परवा धारूरच्या घाटात इतकी गुंग होते की पुढून आलेली एसटी दिसलीच नाही. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून चांगल्या चार शिव्या दिल्या. आत्याबाई विचारतात, "कुणासंगं बोलतीस गं?" मी म्हणते, कुणाशी नाही. त्या पुढं विचारत नाहीत. त्यांना माहीत असावं.

सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणायची आपल्याकडची रीत, पण गाव तुम्हाला सेक्रेटरी म्हणायचं. दूध संस्थेचे सेक्रेटरी. सोयऱ्यानं विचारो की एसटीत शेजारी बसलेल्या परक्यानं, "काय करता?" म्हटलं की तुम्ही हा एक शब्द उच्चारायचात आणि समोरच्याचं समाधान व्हायचं. मला या कामात बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत असा एक शब्द मला मिळाला नाही.

मी गायी भरवते. डब्यातल्या नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेली बीजाची कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची, डाव्या हातात खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवायचा आणि माजावर आलेल्या गायीला भरवायचं. दूध संघाच्या कागदावर याला कृत्रिम रेतन म्हणतात. कागदाला लाज नसते. तोंडानं सांगायला गेलं की समोरची बाई पदर तोंडाला लावते आणि पुरुष असला तर त्याची नजर बदलते. केजला माझी आई अजून शेजारणींना सांगते, "रेखा जनावराच्या दवाखान्यात हाय." आरती चौथीत होती तेव्हा बाईंनी विचारलं, तुझी आई काय करते? ती म्हणाली, "गायीला बाळ देते." सगळा वर्ग हसला. रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी बाईंनीच तिच्या वहीत 'गृहिणी' लिहून दिलं. मी ते खोडलं नाही. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. सगळा दोष तुमच्यावर टाकते आहे, तर हेही सांगून ठेवलेलं बरं.

पण मला या कामाला लावलं कुणी? तुम्हीच की.

तेव्हा गावात वळू राहिला नव्हता. डॉक्टर एकटे आणि त्यांच्याकडं आजूबाजूची सगळी गावं. त्यांची वाट बघेपर्यंत माज उतरून जायचा. संस्थेच्या सभेत तुम्ही उभे राहून बोललात, "एक माज हुकला म्हंजी तीन हप्ते गेले. गावाला आपला माणूस पायजे." संघ कबूल झाला, पण त्या खेपेला प्रशिक्षणाला बायकांची तुकडी होती. बारावी झालेल्या सुनेचं नाव द्यायला गावात एकही घर तयार होईना. केंद्र शेजारच्या गावाला जातंय म्हटल्यावर तुम्ही घाईघाईनं माझं नाव घातलंत. घरी येऊन आत्याबाईंना सांगितलंत, "रेखाचं तीन महिन्याचं ट्रेनिंग हाय. जनावराचं." हे तेव्हाही परळीला थर्मलमध्ये कामाला होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. तुम्ही तुमच्या मुलाला तेवढंही सांगितलं नाहीत. मीच सांगितलं. तुम्हाला अण्णा म्हणणारे हे एवढंच म्हणाले, "अण्णाला म्हाईत हाय ना? मग झालं."

सुरुवातीचे दिवस चांगले होते, ते मी नाकारत नाही. संघाची गाडी डबा भरून द्यायला आली की तुम्ही हातातलं काम टाकून अंगणात यायचात. झाकण उघडलं की पांढरा धूर काठावरून खाली सांडायचा. "जाळ न्हाई तर धूर कशाचा?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, धूर नाही, गारठा आहे. तुम्हाला पटेना. मग मी लिंबाचं एक पान चिमट्यात धरून आत बुडवलं आणि पायरीवर टाकलं. काचेसारखं फुटलं. तुम्ही उकिडवे बसून ते तुकडे बोटानं चाचपत राहिलात.

"आन् ह्याच्यात ते जितं ऱ्हातं?"

"राहतं."

"किती दिस?"

"वर्षानुवर्षं राहतं मामा."

"लई भारी हाय की बे!" तुम्ही म्हणालात, आणि सुनेसमोर तोंडातून 'बे' निघाला म्हणून इतके ओशाळलात की दिवसभर माझ्यासमोर आला नाहीत. मी मात्र त्या दिवशी खूष होते. वाटलं, चला, मला सांगता येत नाही ते हा माणूस सांगेल. सभेत बोलतो तसा चारचौघांत बोलेल, आणि मग सगळ्यांच्या तोंडी बसेल.

तसं झालं नाही. तुमच्या सुनीताच्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशी ते मला कळलं.

केजकडचे पाहुणे होते. मुलाचे चुलते ओसरीत बसले होते, मी पोह्यांचं ताट घेऊन दारात. त्यांनी सहज विचारलं, "थोरल्या सूनबाई नोकरीला हायत म्हणं?"

"हाय की. संघात."

"संघात म्हंजी?"

"दुधाचं बघती. फॅट-बिट."

मी काही म्हणणार नव्हते. तुमच्या धाकट्या लेकीचं लग्न, तिथं माझा मान काय घेऊन बसायचा? पण तेवढ्यात मळ्यातला तुकाराम अंगणात येऊन उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "ताई, चला लौकर. गाय भरवायची हाय. सकाळधरनं दावं तोडायलीय!"

पोहे खाणारे हात थांबले. तुम्ही हसलात. "आरं, डॉक्टरला सांग की. हिला काय सांगतूस?"

तुकाराम गोंधळला. "डॉक्टर कशाला? मागच्या टायमाला ताईंनीच भरवली की."

मी ताट खाली ठेवलं, आतून पिशवी आणली, डबा स्कूटीला बांधला आणि पाहुण्यांच्या समोरून गेले. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. त्यांनी पत्रिका मागितलीच नव्हती.

दोन महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. जे काही असेल ते आत्याबाईंमार्फत. मग एका सकाळी मी चहा ठेवला तेव्हा एकदम म्हणालात, "जायाचंच व्हतं तर मागल्या दारानं जायाचं."

"स्कूटी पुढच्या अंगणात होती मामा."

"इषय स्कूटीचा न्हाई."

"मग कशाचा आहे?"

तुम्ही टोपी घातलीत आणि संस्थेत निघून गेलात. तो वाद तिथंच थांबला, तो आजपर्यंत. सुनीता पुढं चांगल्या घरी पडली, सुखात आहे, पण त्यानं माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. कशाचा होता विषय? लाजेचा म्हणावं, तर सभेत बाया बसलेल्या असताना तुम्ही माज, गाभण, सगळं खणखणीत बोलायचात. सेक्रेटरीनं बोललेलं चालत होतं. सुनेनं केलेलं कसं सांगायचं, हे तुम्हाला उमगत नव्हतं, असं मी स्वतःला समजावते. आणि लगेच वाटतं, उमगत नव्हतं तर विचारायचं होतं मला. मलाही उमगत नव्हतं. दोघांनी बसून काहीतरी शोधलं असतं.

त्यानंतर लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. संस्थेत आधी संध्याकाळचं संकलन बंद झालं, मग सकाळचं. तरी तुम्ही रोज जायचात. कुलूप काढायचात, फॅटचं यंत्र पुसायचात, रिकाम्या कॅन पालथ्या घालून ठेवायचात आणि खुर्चीवर बसून राहायचात. "कावून जाता उगं?" आत्याबाई म्हणायच्या. "सेक्रेटरी हाय मी," तुम्ही म्हणायचात. माझंही काम थांबलं होतं. पोटात वैरण नसली की गाय माजावर येत नाही. दुपारी ओसरीच्या एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मी, दोघंही बिनकामाचे. मला तेव्हा तुमच्याबद्दल फार माया वाटली होती. उठून जवळ येऊन बसावं असंही एकदा वाटलं. बसले नाही.

मग जनावरांची चारा छावणी पडली. आपली दोन जनावरं घेऊन तुम्ही तिकडंच राहायला गेलात. भाकरीचं गाठोडं आम्ही जीपवाल्याकडं द्यायचो, त्यामुळं मी तिथं कधी आले नव्हते. आले ती संघाचा फोन आला म्हणून. छावणीत कुणाची तरी गाय माजावर आली होती आणि जवळची अशी मीच होते.

हिरव्या जाळीखाली जनावरांच्या रांगा, आणि दिवसभर नुसती बसून कंटाळलेली माणसं. मी डबा उतरवला तसा घोळका जमला. हातमोजा चढवला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, बाई भरवती बे!" आणि हशा पिकला. गायीचा मालक म्हातारा, त्याचे हात कापत होते. त्याच्यानं शेपूट धरवेना. मी कुणी पुढं येतं का म्हणून मान वळवली तर घोळक्यात तुम्ही.

तुम्ही पुढं आलात. शेपूट धरून बाजूला घेतलंत आणि माणसांकडं पाठ करून असे उभे राहिलात की त्यांना मी दिसणार नाही. पुन्हा कुणी हसलं तेव्हा तुम्ही मान न वळवता म्हणालात, "हसू नकूस बे. काम करू दे तिला." सगळे गप्प झाले. पाच-सात मिनिटं असतील. तुमचा खांदा माझ्या डोक्याजवळ होता. घामाचा, जनावरांना टाकलेल्या उसाच्या वाढ्यांचा वास येत होता. मी मनात म्हणत होते, आता फिटलं सगळं. ती बोलणी, ते दोन महिने, सगळं फिटलं.

तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं तुम्हाला विचारलं, "वळखीची हाय व्हय बाई?"

तुम्ही म्हणालात, "संघातली बाई हाय."

माझा हात अजून गायीच्या पोटात होता.

नंतर तुम्ही तांब्या आणलात. छावणीत माणसाला प्यायला पाणी मोजून मिळत होतं, आणि तुम्ही भरलेला तांब्या माझ्या हातांवर ओतलात, कोपरापर्यंत, दोन्ही हातांवर. हळूच विचारलंत, "जेवलीस का?" मी डबा बांधला, स्कूटीला किक मारली आणि मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मामा, तुम्ही घोळक्यात उभे राहून हसला असतात तर माझं काम सोपं झालं असतं. मी तुमच्यावर आयुष्यभर रागावले असते आणि आज शांत बसले असते. पण तुम्ही शेपूट धरलंत, पाणी ओतलंत, आणि सून म्हणाला नाहीत. या तीन गोष्टी एकापुढं एक मांडल्या की माझा हिशेब कुठं तरी फिसकटतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

पुढं पावसानं साथ दिली, संस्था उघडली, कॅन भरू लागल्या. आपण दोघं बोलायला लागलो. कांड्या संपत आल्या का, संघाची गाडी कधी येणार, अमक्याची गाय ठरली का, म्हणजे गाभण राहिली का. सगळं कामाचं. "छावणीत तसं का म्हणालात?" एवढंच विचारायचं होतं. किती वेळा ओठांवर आलं. तुम्ही चष्मा पुसत असायचात, नाहीतर आरतीला गणित समजावत असायचात, आणि मला वाटायचं, राहू दे, आज नको.

मग तुमच्या छातीत कळ आली आणि अंबाजोगाईला नेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जरा बरे होतात. नर्स सलाईन बघायला आली, तिनं हातमोजा चढवला. तुम्ही नाकावरची नळी सरकवून तिला म्हणालात, "ह्यो लई आखूड हाय. आमच्या सुनंचा हातमोजा खांद्यापत्तुर असतो."

नर्स हसली. माझ्याकडं वळून म्हणाली, "हो का? डॉक्टर आहात का?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याकडं असं सरळ कधी बघितलं नसेल. दोन रात्री जागी होते मी. शेजारच्या खाटेभोवती एक अख्खं कुटुंब डबा उघडून बसलं होतं, सगळ्यांचे कान आमच्याकडं. आणि मी म्हणाले, "नाही. दूध संघात आहे."

नर्स गेली. तुम्ही थोडा वेळ तसेच बघत राहिलात. मग मान खिडकीकडं वळवलीत. त्यानंतर दोनदा पाणी मागितलंत आणि संस्थेची किल्ली कोनाड्यात आहे एवढं सांगितलंत. सकाळी तुम्ही नव्हतात.

काय करायचं होतं तुम्हाला? मी सांगावं म्हणून वाट बघत होतात, की तुम्हीच सांगणार होतात आणि श्वास घ्यायला थांबला होतात? बारा वर्षांनी तुम्ही तोंड उघडलंत आणि मी तुमचंच जुनं उत्तर तुमच्या पुढ्यात ठेवलं. मला सूड घ्यायचा नव्हता, देवाशपथ नव्हता. लाज वाटली. तेवढंच. ती तुम्हालाही तेवढीच वाटत आली असेल, हे तिथं खाटेजवळ उभं राहून मला पहिल्यांदा कळलं. तुम्हाला सांगायला वेळ उरला नव्हता.

तुम्ही गेल्यावर सहाव्या दिवशी दुपारी घर माणसांनी भरलेलं होतं. कोंडाबाई फाटकापाशी येऊन उभी राहिली. वस्तीवरची, एकटी बाई, एकच गाय. आत यायला बिचकत होती. आत्याबाईंनी हाक मारली, "कोंडे, तिथं कावून हुबारलीस?"

"न्हाई, जाते म्या. नंतर येते."

"बोल की."

"गाय पहाटंधरनं वरडायलीय. मागल्या खेपंला माज हुकला तिचा. पर तुमच्या घरात असला परसंग..."

मी मान खाली घातली. सुतकात घराबाहेर पडून असलं काम करणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. भावकी काय म्हणेल ते मला दिसत होतं. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. बारा वर्षांत त्यांनी त्या डब्याला हात लावला नव्हता, त्याचं नाव काढलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "कांड्या हायत का?"

"आहेत."

"मग ऊठ."

तुमचे चुलतभाऊ नाना खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "वैनी, सुतकात कुठं धाडताव तिला?"

"गाय भरवायला," आत्याबाई म्हणाल्या. मोठ्यानं, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं. "तिचं कामच हाय ते. माज काय तेराव्यापत्तुर थांबतुया व्हय?"

कुणी हसलं नाही. नाना उठून तंबाखू थुंकून आले आणि दुसऱ्याच विषयावर बोलायला लागले. मी जिथं होते तिथंच उभी. ज्या ओसरीत तुम्ही इतकी वर्षं 'संघात, संघात' म्हणत आलात त्याच ओसरीत तीन वाक्यांत काम झालं होतं.

वस्तीवरच्या गोठ्यात कोंडाबाईनं डोळे मिटून शेपूट धरलं. मला पहिल्या खेपेला हात काढून घेऊन पुन्हा सुरुवात करावी लागली. काम झाल्यावर मी गायीच्या कुशीला कपाळ टेकलं आणि रडले. घरात सगळे रडत असताना मला रडू आलं नव्हतं. कोंडाबाई घाबरली. "काय झालं? बिघडलं का काय?" मी म्हणाले, काही बिघडलं नाही. एकवीस दिवसांनी कळेल. पुन्हा माजावर आली नाही तर ठरली.

तेरावा झाल्यावर मी आत्याबाईंना विचारलं, त्या दिवशी तुम्ही कसं काय बोललात? त्या निवडायच्या तांदळावरून मान न उचलता म्हणाल्या, "त्यात काय? तुझे मामा रोज सांगायचे की. आज रेखानं दोन भरवल्या, आज तीन भरवल्या. तुकारामाची पयल्या झटक्यात ठरली म्हणायचे. मला पाठ झालंय."

"मग लोकांत का नाही म्हणाले कधी?"

"लोकांत त्येंला धीर नव्हता." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "माणूस चांगला व्हता. धीर नव्हता."

मी त्यावर काय करू, मामा? रोज सांगायचात. घरात, फक्त मला सोडून. भिंतीपलीकडं मी भांडी घासत असायचे तेव्हा तुम्ही माझं काम मोजून कौतुकानं सांगत होतात, आणि मला ऐकू येऊ नये म्हणून हळू बोलत होतात. यासाठी तुमचे आभार मानू की तुमच्याशी नव्यानं भांडू, ते मला अजून ठरवता येत नाही. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं.

कोंडाबाईच्या गायीचा आज अठरावा दिवस. मी रोज तिच्या गोठ्यावरून जाते, ती लांबूनच हात हलवून सांगते, अजून शांत आहे. काल संध्याकाळी मात्र ती धावत आली, गाय हंबरली म्हणून. मी तशीच गेले. सगळं बघितलं. माजाची कसलीच खूण नव्हती. वैरणीला उशीर झाला म्हणून हंबरली असेल. कोंडाबाईनं पेंढी टाकली, गाय खाऊ लागली. मी तिथंच दगडावर बसले.

"आता काय बघतीस?" कोंडाबाई म्हणाली. "न्हाई म्हणलीस ना?"

"नाही. तू जा, स्वैपाक कर. मी थोडं बसते."

ती आत गेली. गाय खाऊन खाली बसली आणि रवंथ करायला लागली. मी तिच्या पोटाकडं बघत राहिले. वरून काहीच कळत नाही, मामा. अजून तीन दिवस जायचे आहेत.